दिस पाण्यात टेकताना कुठं उभं राहावं?

सेलू तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या उशाशी पडून आहे. त्या लिहितात, "दिवाळीनंतर लेकीकडे मुंबईला जाणार आहे. वय पन्नाशीच्या पुढं गेलं, पण समुद्र अजून पाहिला नाही. सूर्य पाण्यात बुडतो म्हणतात, तो एकदा डोळ्यांनी पाहावा असं फार दिवसांचं मनात आहे. जावईबापूंना विचारायला संकोच वाटतो. लेक म्हणते, समुद्र काय, कुठूनही दिसतो. तुम्ही नेमकी जागा सांगा, म्हणजे मी तिला नाव घेऊन सांगेन."

मंडळी, या सदरात आपण शेळीच्या पोटफुगीपासून सुनेच्या माहेरपणापर्यंत नाना विषय बोललो, पण सूर्यास्त कुठून पाहावा हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण निराळं आहे. या बाबतीत माझी एकदा चांगली फजिती झालेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ताईंना सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

ही गोष्ट 2011 च्या मे महिन्यातली. माझ्या मायची नजर वर्ष-दीड वर्षापासून कमी होत चालली होती. दारात चौकटीला खांदा लागायचा, जवळून गेलेली गाय दिसायची नाही, आणि त्याच वेळी समोरच्या तांदळातला खडा मात्र ती बरोबर वेचायची. आम्ही सगळे म्हणायचो, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. इथंच आमचं चुकलं. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेनं परत येते. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते, आणि गेली ती नजर येत नाही. औषधाच्या थेंबांनी राहिलेली तेवढी सांभाळायची. त्यात मधलं दिसत राहतं आणि कडेचं आधी जातं, म्हणून माणसाला उशिरा कळतं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं डोळ्याचा दाब तपासून घ्यावा, घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. विषयाला सोडून हे सांगितलं खरं, पण सांगायला हवं होतं.

परभणीच्या डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलं. देवगिरी एक्सप्रेसनं आम्ही मायलेक गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की थेंब चालू ठेवा, पण फार आशा धरू नका, उशीर झालाय. मायला मी काहीच सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. धर्मशाळेत परत आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, आलोच हावोत तर मला तेवढा दिस पाण्यात बुडताना दाव."

ही इच्छा जुनी होती. माझा मामा लालबागला गिरणीत होता. 1982 च्या संपानंतर तो गावी परतला तो कायमचाच. रात्री बाजेवर पडल्या पडल्या तो मुंबईच्या गोष्टी सांगायचा. त्यातली मायची आवडती गोष्ट ही, की तिकडं दिस जमिनीत जात नाही, पाण्यात जातो. लोहार तापलेला फाळ पाण्यात घालतो तेव्हा कसं चर्र होतं आणि वाफ निघते, तसं काही होतं का, असं माय दर वेळी विचारायची. मामा दर वेळी "जाऊन बघ" म्हणायचा.

पहिल्या संध्याकाळी मी तिला घेऊन गेटवे ऑफ इंडियाला गेलो. मुंबईचा समुद्र म्हणजे गेटवे, एवढंच मला ठाऊक. शाळेची सहल गेली होती तेव्हा तिथंच फोटो काढला होता. आम्ही कठड्याजवळ जागा धरून बसलो. माय पाण्याकडे तोंड करून बसली. बोटी आल्या, गेल्या. पाणी काळवंडत चाललं. मग तिनं हळूच मान वळवली आणि म्हणाली, "आरं, ऊन तर आपल्या पाठीवर हाय."

खरोखर, सूर्य आमच्या पाठीमागं त्या मोठ्या हॉटेलाच्या आड केव्हाच गेला होता. गेटवे पूर्वेकडे आहे. समोरचं पाणी बंदराचं, आणि त्याच्या पलीकडे घारापुरीचं बेट, उरणची जमीन. मुंबई ही पाण्यात घुसलेली जमिनीची अरुंद पट्टी आहे, तिला दोन्ही अंगांनी समुद्र. जन्मभर शेतात दिशा बघून पेरणी करणारा मी, पण शहरात पाऊल टाकलं की दिशा खिशात घालून ठेवली. तिथं उगवतीला जावं, सूर्योदय छान दिसेल. मावळतीला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी तपासणी लवकर आटोपली. धर्मशाळेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं, चौपाटीला जा, तिकडं पश्चिम आहे. आम्ही गिरगाव चौपाटीला गेलो. रेती आहे, भेळ आहे, पोरं पतंग उडवतायत, जागा मोठी प्रसन्न. सूर्य समोर उजव्या अंगाला, चांगला हातभर वर. मायनं पायातल्या वहाणा काढून पाण्यात पावलं बुडवली, ओंजळीत घेऊन चव पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मी मनात म्हटलं, आज साधलं. पण सूर्य जसा खाली येऊ लागला तसा तो पाण्याकडे न जाता मलबार हिलच्या झाडांकडे आणि उंच इमारतींकडे सरकू लागला. आणि गेला की त्यांच्या आड! पाण्यावर नुसती तांबूस झाक राहिली.

मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी रात्रीची गाडी होती. डॉक्टरांचे शब्द कानात होते. पुढच्या खेपेला येऊ, असं म्हणण्यात अर्थ नव्हता हे मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं, असं मी समजत होतो.

माय मात्र रेतीत बसून त्या टेकडीकडे निरखून पाहत होती. काचबिंदूच्या माणसाला सगळं एकदम दिसत नाही. अंधारात बॅटरीचा झोत फिरवावा तसं ते तुकड्या-तुकड्यानं बघतं. तिनं टेकडी अशी उजवीकडून डावीकडे पाहत नेली आणि जिथं ती पाण्यात उतरते तिथं थांबली. मग म्हणाली, "आपल्याकडं आता दिस कुठं बुडायलाय?"

मी म्हटलं, "आखाड्यावरून? आंब्याच्या अंगाला."

"व्हय. मिरगाच्या तोंडाला तो आंब्याकडंच जातो, उजव्या अंगाला. संक्रांतीच्या येळेला डाव्या अंगाला, हिरीवरच्या बाभळीपाशी. अन् इथं उजव्या अंगालाच हा डोंगर. मग तो पाण्यात कसा जाईल? तू धुऱ्यावरून चालत गेलास तर म्होरचं झाड बाजूला सरकतं का न्हाई? तसं आपून डाव्या अंगाला चालत जावं. ही भित वाकडी वाकडी गेली तिच्या पार टोकाला. डोंगर बाजूला सरकंल."

ताई, तुम्हाला द्यायचा सल्ला एवढाच आहे. माझ्या मायनं तो रेतीत बसून दोन मिनिटांत दिला. मी पुढं जे लिहितो ते त्याचंच स्पष्टीकरण समजा.

सूर्य रोज पश्चिमेला मावळतो असं आपण शाळेत शिकतो, पण शेतात राहणाऱ्याला ठाऊक असतं की ते वर्षातून दोनच दिवस बरोबर खरं असतं, 21 मार्चच्या आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास. मार्चनंतर मावळतीची जागा रोज थोडी थोडी उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकते. 21 जूनला ती उत्तरेच्या टोकाला पोचते आणि परत फिरते. सप्टेंबरात पुन्हा मध्यावर येते आणि डावीकडे निघते, ती 22 डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेच्या टोकाला. परभणीच्या अंगानं मोजलं तर सरळ पश्चिमेपासून प्रत्येक बाजूला सुमारे 25 अंश. अंश कसे मोजायचे? हात सरळ लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी ढोबळमानानं दहा अंश. म्हणजे डावीकडे अडीच मुठी, उजवीकडे अडीच मुठी, असा पाच मुठींचा पट्टा सूर्य वर्षभर चालत असतो. हे काही थोडं नाही. एका टोकाला तुमचा आंबा आणि दुसऱ्या टोकाला भावकीतल्या कोणाची विहीर, एवढं ते अंतर.

त्याची चालही सारखी नसते. मार्च-सप्टेंबरात तो झपाट्यानं सरकतो, दिवसाला जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा. जून-डिसेंबरात टोकाजवळ आठ-दहा दिवस जागचा हलतच नाही असं वाटतं. जाता जाता एक सांगतो. उत्तरायण संक्रांतीला लागतं असं आपण म्हणतो, पण बाभळीची खूण धरून बसलेल्याला दिसतं की सूर्य त्याच्या तीन आठवडे आधीच माघारी वळलेला असतो. फार जुन्या काळी संक्रांत आणि सूर्याचं वळणं एकाच दिवशी येत असे, पुढं शतकं गेली तसं दोन्हीत अंतर पडत गेलं. तिळगूळ जानेवारीतच खावा, त्याला हरकत नाही.

आता गंमत बघा. परभणी आणि मुंबई नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर आहेत. परभणीहून सरळ पश्चिमेला दोरी ओढली तर चारशे किलोमीटरच्या पुढं ती मुंबईच्या उत्तर टोकाला, गोराई-उत्तनच्या किनाऱ्याशी पाण्याला लागते. त्यामुळं आपल्या आखाड्यावर सूर्य पश्चिमेच्या जेवढा डावी-उजवीकडे मावळतो, तेवढाच तो त्या दिवशी मुंबईतही मावळतो. फरक फक्त वेळेचा. आपण पूर्वेला असल्यामुळं आपल्याकडे तो पंधरा-सोळा मिनिटं आधी जातो. घरी गुरं बांधून झाल्यावर मुंबईतल्या लेकीला फोन लावला तर तिच्या खिडकीत अजून ऊन असतं, ते यामुळं.

म्हणून मुंबईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या अंगणात पश्चिमेला तोंड करून उभं राहावं आणि सूर्य सरळ पुढं जातो, डावीकडे जातो की उजवीकडे, किती मुठी, एवढं बघून ठेवावं. पश्चिम कोणती याचा घोळ असेल तर गावातलं जुनं महादेवाचं मंदीर बघा, बहुतेकांचं दार पूर्वेला असतं. त्या मापानं मुंबईत जागा निवडावी.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो. सामान धर्मशाळेतच बांधून ठेवलं आणि पाच वाजताच निघालो. चर्चगेट स्टेशनातून पश्चिमेला पाचेक मिनिटं चाललं की मरीन ड्राइव्हचा कठडा लागतो. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला लांबवर चौपाटी आणि मलबार हिल, डाव्या हाताला नरिमन पॉईंट. आम्ही डावीकडे चालू लागलो. मायचा हात माझ्या दंडावर. दर शंभर पावलांवर ती थांबायची, टेकडीचं टोक शोधायची आणि म्हणायची, "सरकायलाय." खरंच, जसजसं पुढं जावं तसतसं टेकडीचं टोक उजवीकडे हटत होतं आणि सूर्याखाली नुसतं पाणी उघडं पडत होतं. पार टोकाला पोचलो तेव्हा सूर्य आणि टेकडी यांच्यात चांगलं दीड मुठीचं अंतर होतं.

कठड्यावर बसलो. सूर्य एक मूठ वर होता. एक मूठ म्हणजे चाळीसेक मिनिटं, हे हिशेबाला बरं पडतं. तोपर्यंत मी तिला त्याच्याकडे पाहू दिलं नाही, आणि हे सगळ्यांनाच सांगतो, डोळे चांगले असोत की अधू, सूर्य डोळ्याला टोचतो तोवर त्याच्याकडे टक लावून पाहू नये. तो तांबडा, मऊ, ताटलीसारखा झाला म्हणजे क्षणभर बघावं, नजर काढावी, पुन्हा बघावं. किरणं तिरपी आणि फार मोठ्या हवेच्या थरातून येतात, त्यात निळा रंग वाटेतच विखरून जातो आणि तांबडा तेवढा पोचतो, म्हणून तो असा दिसतो.

सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास तो पाण्याला टेकला. खालची कड थोडी चेपली, परातीत ठेवलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखी. तिथून पुढं दोन-सव्वादोन मिनिटांचा खेळ. माय बोलली नाही. आजूबाजूला माणसांची ही गर्दी, मागं मोटारींचा गोंगाट, पण तिच्या नजरेच्या त्या लहानशा खिडकीत सूर्य आणि पाणी यांच्याशिवाय दुसरं काहीच मावत नव्हतं. निम्मा गेला, चतकोर राहिला, मग नखाएवढा, मग नाही.

बराच वेळानं म्हणाली, "वाफ न्हाई निघाली."

मी म्हटलं, "नाही."

"मामा खोटं न्हाई बोलला पर. त्यो निघती असं कवाच म्हन्ला न्हवता." आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, "डाक्टर काय म्हन्ला ते मला ठावं हाय. मपल्या डोळ्यानं बघितलं, झालं. चल, गाडी चुकंल."

गाडी आम्हाला मिळाली.

नंतर एका पुस्तकात वाचलं, ते इथं सांगायला हरकत नाही. पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा सूर्य खरं पाहता क्षितिजाखाली गेलेलाच असतो. बादलीतली काठी जशी वाकडी दिसते तसे त्याचे किरण हवेत वाकतात आणि तो आपल्याला उचललेला दिसतो. म्हणजे त्या शेवटच्या दोन मिनिटांत आपण नसलेल्या सूर्याला बघत असतो.

आता ताई, तुमच्यासाठी. दिवाळीनंतर सूर्य पश्चिमेच्या डावीकडे दीड मुठीच्या आसपास मावळतो. तेव्हा तुम्हाला मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत चालायची गरज नाही. चर्चगेटच्या समोरच्या कठड्यावर बसलात तरी तो मलबार हिलच्या टोकाच्या डावीकडे, सरळ पाण्यात जाईल. आम्हाला मे महिन्यात त्याच जागी टेकडी आड आली असती. चौपाटीला भेळ खायला जा, पण सूर्यासाठी नको. तिथं तो हिवाळ्यातही जवळपास टेकडीच्याच अंगाला जातो. वेळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहा ते सव्वासहाच्या दरम्यान. साडेपाचला जागेवर पोचा. जुलैच्या आरंभी जाल तर सव्वासातच्या पुढं, पण तेव्हा ढगांमुळं दर्शन होणं नशिबाची गोष्ट.

लेक उपनगरात राहत असेल तर जुहू जवळ पडेल. विलेपार्ले स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा. तिथला किनारा सरळ पश्चिमेला तोंड करून आहे, समोर आडवं काही नाही, बाराही महिने सूर्य पाण्यातच जातो. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकरांना रेतीत बसायलाही बरं. लाटांत मात्र गुडघ्याच्या पुढं जाऊ नका. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी पालटते आणि आपल्या नदीच्या पाण्याचा अंदाज समुद्राला लागू पडत नाही. मरीन ड्राइव्हवर कठड्याखाली जे तिकोनी सिमेंटचे दगड टाकलेत त्यांवर पोरं फोटोसाठी उतरतात. शेवाळानं ते निसरडे असतात. उतरू देऊ नका.

परभणीहून पुष्कळ मंडळी 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. तो दिवस अभिवादनाचा, सूर्य बघायचा नव्हे. पण संध्याकाळी रांगेतून बाहेर आल्यावर दादरच्या किनाऱ्यावर टेकणाऱ्यांना सांगून ठेवतो, त्या दिवसांत सूर्य डाव्या टोकाला असतो आणि तिथून डावीकडे वरळी आहे, म्हणून तो इमारतींच्या आड जातो. उन्हाळ्यात त्याच जागेवरून तो उजवीकडे, सागरी सेतूच्या तारांमागून उतरताना दिसतो. तेही बघण्यासारखं असतं.

एक निराशा आधीच सांगून ठेवतो. थंडीत मुंबईवर धुरकट हवेचा थर बसतो. कधी कधी सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच, बोट-दोन बोटं वरच, पुसल्यासारखा नाहीसा होतो. तसं झालं तर एका संध्याकाळीत समाधान मानू नका. लेकीकडे आठ दिवस आहात, दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा. जावईबापूंना सांगा की सदरात तसं लिहून आलंय.

तीर्थयात्रेला जाणाऱ्यांसाठीही हेच माप. द्वारकेला समुद्र पश्चिमेला, तिथं मावळती बघावी. जगन्नाथपुरीला आणि चेन्नईला समुद्र उगवतीकडे, तिथं पहाटे उठावं. कन्याकुमारीला दोन्ही दिसतं म्हणतात, आणि दिसतंही, पण मावळता सूर्य पाण्यात जातो तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात उजवीकडे सरकल्यामुळं तो तिथल्या जमिनीकडे जातो. गाडीतून उतरून "सूर्यास्त कुठं, सूर्यास्त कुठं" करत धावणारी किती मंडळी मे महिन्यात हिरमुसून परततात! रत्नागिरीकडे गेलात तर रत्नदुर्गावर चढा. तिन्ही बाजूंनी पाणी आहे, महिना कोणताही असो.

ज्यांना एवढ्या लांब जायचं नाही त्यांनी आपल्याच जिल्ह्यात बघावं. आपल्या गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या ढोबळमानानं पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेकडे जातात. तेव्हा पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून उभं राहावं, मावळती समोर येते. जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाचा जलाशय भिंतीच्या वरच्या अंगाला पश्चिमेकडे पसरलाय. सेलूच्या बाजूला निम्न दुधना प्रकल्पाचंही तसंच. ताई, हे तर तुमच्या तालुक्यातलं आहे! पाऊस चांगला झाला असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुऊन निघालेली असते, जलाशय भरलेला असतो, आणि सूर्य पाण्याच्या अंगाला जातो. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते, ती न घेता जाऊ नये. काठावरून पुष्कळ दिसतं. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर संध्याकाळी बसणाऱ्यांना मी नवं काय सांगणार? डोंगर हवा असेल तर जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जावं. आपला मुलूख सपाट, म्हणून थोडं जरी उंच चढलं तरी क्षितिज फार लांब जातं. मे महिन्यात मात्र धुळीमुळं सूर्य जमिनीला टेकायच्या आधीच फिका पडतो, त्याला इलाज नाही.

लेकराबाळांसाठी एक उद्योग सुचवतो. अंगणात किंवा आखाड्यावर एक जागा ठरवा, तिथं दगड रोवा. दर शनिवारी त्याच दगडावर उभं राहून सूर्य कुठं टेकला ते बघायचं आणि त्या दिशेला दहा पावलांवर एक खुंटी ठोकायची. खुंटीवर तारीख लिहायची. जून ते डिसेंबर एवढं केलं की मृगापासून हरभऱ्याच्या घाट्यापर्यंतचं पंचांग तुमच्या अंगणात रोवलेलं असेल. गुरं खुंट्या उपटणार नाहीत अशी जागा बघा, आमच्याकडे दोनदा उपटल्या. कोणी पूर्ण केलं तर आम्हाला अवश्य कळवावं. आणि ताईंनी मुंबईहून आल्यावर लिहावं, कोणत्या दिवशी, कुठून दिसला, की धुरकटात गेला.

माझ्या मायची नजर त्यानंतर चार वर्षांनी पूर्ण गेली. ती आता आखाड्यावरच असते. संध्याकाळी ओट्यावर बसते, अंगावरचं ऊन सरलं की विचारते, "कुठं टेकला?" मी असेन तर मी, नाही तर नातवंडं सांगतात. गेल्या वर्षी डिसेंबर अखेरीला धाकटा सांगायला लागला, "आजी, बाभळीच्या डाव्या फांदीवर." ती म्हणाली, "परवाबी तिथंच व्हता की." मग बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली, "वळला असंल. उद्या नीट बघ बरं."